साडूभाऊंचा दुसरा स्क्रीन

कामाचा उरक वाढवण्यासाठी आमच्या साडूभाऊंइतका वेळ घालवणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. पाच मिनिटांचं काम तीन मिनिटांत कसं करता येईल, हे शोधण्यात ते अख्खा दिवस घालवत आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन म्हणत, "शेठ, आज दोन मिनिटं वाचवली!"

मला ते शेठ म्हणत. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावात माझं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आधी बाजारात व्हॅन उभी करून वायपर विकले, मग शेड घेतली, मग दुकान. यात कुणाचा हात नाही, म्हणून कुणाचं ऐकायची सवयही नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि तिच्या व्हिसावर तिचे यजमान, म्हणजे हे साडूभाऊ, पुण्यातली ऑफिसातली नोकरी सोडून आले. घरात बसून त्यांनी मसाल्यांच्या बरण्या तीन वेळा नव्याने लावल्यावर ताईनेच मला फोन केला, "यांना दुकानात घेऊन जा हो, नाहीतर मी तरी परत जाते."

त्यांचं एकच तत्त्व होतं. जे शेजारी-शेजारी ठेवून बघता येत नाही, ते माणसाला कळत नाही. सुपरमार्केटमध्ये ओट्सची दोन पाकिटं दोन हातांत धरून ते इतका वेळ उभे राहत की एकदा एका म्हातारीने त्यांना तिथले कर्मचारी समजून साखर कुठे आहे ते विचारलं. त्यांनी बरोबर सांगितलं. आमच्या गावात दर अर्ध्या मैलावर राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचा गोल चौक. साडूभाऊ निघण्याआधी दोन वेगवेगळ्या वेबसाइटवरून रस्ता छापून घेत आणि दोन्ही कागद डॅशबोर्डवर चिकटवत. दोन्ही कागदांचं एकमत होत नसेल, तर निकाल लागेपर्यंत ते राउंडअबाउटला प्रदक्षिणा घालत राहत. मी एकदा मागच्या सीटवर होतो. चौथ्या फेरीला ताई ओरडली, "अहो, चुकीच्या रस्त्याला वळा, पण वळा!"

दुकानात मात्र या वेडाला काम मिळालं. गिऱ्हाइकाचा फोन आला की कॉम्प्युटरवर कॅटलॉग उघडायचा, भागाचा नंबर बघायचा, मग कॅटलॉग बाजूला सारून साठ्याची यादी उघडायची. तोवर नंबरातले शेवटचे दोन आकडे डोक्यातून गेलेले. डावा हेडलाइट मागवणाऱ्याला उजवा जायचा, आणि दर आठवड्याला परत आलेल्या पार्सलांचा ढीग. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी निदान केलं, "शेठ, दुसरा स्क्रीन घ्या. इकडे कॅटलॉग, तिकडे साठा. डोकं हे गोदाम नाही, काउंटर आहे. तिथे माल साठवू नका."

"माणसाला टीव्ही एक पुरतो," मी म्हणालो.

मी नाही म्हणालो की समोरचा भांडतो किंवा गप्प बसतो. यांनी दोरी बांधली. स्क्रीनच्या शेजारी, भिंतीपासून कपाटापर्यंत, आणि साठ्याच्या यादीचे कागद कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर लटकवले. दार उघडलं की सगळी यादी फडफडायची. गिऱ्हाइकं विचारू लागली, लाँड्रीही चालवता का?

शेवटी एका रविवारी कार बूट सेलमध्ये, जिथे लोक गाडीच्या डिकीतून घरचं जुनं सामान विकतात, मला एक जाडजूड जुना मॉनिटर दिसला. सपाट स्क्रीन तेव्हा नुकते येऊ लागले होते आणि लोक हे अवजड डबे मिळेल त्या भावाला काढत होते. मी पाऊण तास घासाघीस करून तो जवळजवळ फुकटात पटकावला, कंबर धरून दुकानात आणला, आणि साडूभाऊ अतिशय हळुवारपणे म्हणाले, "आपल्या कॉम्प्युटरला दुसरी वायर लावायला जागाच नाहीये. आत कार्ड बसवावं लागेल." कार्डाची किंमत ऐकून मी भडकलो. "म्हणजे दुसरा डोळा बसवायला आता दुसरं डोकं आणू?"

"डोकं नको शेठ. फक्त एक नस."

कार्ड आलं. दोन्ही स्क्रीन एका पातळीत आणण्यासाठी साडूभाऊंनी प्लंबरचं लेव्हल मागून आणलं, आणि दोन्हींवरचा पांढरा रंग सारखा दिसावा म्हणून पुढचा अख्खा दिवस खर्ची घातला. मग माउसचा बाण एका स्क्रीनच्या कडेला जाऊन दुसऱ्यावर उगवला, तेव्हा माझ्यासकट सगळं दुकान तोंड उघडं टाकून बघत होतं. खोटं कशाला बोलू? परत येणाऱ्या पार्सलांचा ढीग महिन्याभरात नाहीसा झाला. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. चांगल्या मालाची विकत घेणाऱ्याने तारीफ करू नये, हा माझा धंद्यातला नियम. तो घरात लावू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी ताईबरोबर व्हिसाच्या कामाला जायचं म्हणून ते दुपारी दोन-तीन तासांसाठी बाहेर गेले. पुढच्या काउंटरचा स्क्रीन सकाळीच बंद पडलेला. मी साडूभाऊंचा दुसरा स्क्रीन उपटला आणि पुढे लावला. माझा समज असा की एक पडदा काढला की त्यावरचं सगळं आपोआप दुसऱ्यावर येतं. थोड्या वेळाने आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक गॅरेजवाला, आपली ऑर्डर न्यायला आला. साडूभाऊंनी केलेली त्याच्या ऑर्डरची यादी कुठेच नाही. मी फाइल उघडत होतो, कॉम्प्युटर ती उघडी आहे म्हणून सांगत होता, आणि दिसत काही नव्हतं. मी आठवेल तसा माल बांधून दिला. तासाभरात तो लालबुंद होऊन परत आला. निम्मे भाग चुकीचे होते.

नेमके तेव्हाच साडूभाऊ दारातून आत आले. मी त्या माणसासमोर, सगळ्या नोकरांसमोर, इंग्रजी आणि मराठी दोन्हीतून तोंड सोडलं. उरक, उरक म्हणून डोकं खाता आणि एक यादी धड ठेवता येत नाही! आणि मग, कुठून आलं कोण जाणे, "बायकोच्या व्हिसावर आलेल्या माणसाला मी खुर्ची दिली, हीच माझी चूक!"

पुढच्या काउंटरवरून तो मॉनिटर उचलून साडूभाऊंनी आपल्या टेबलावर नेला, वायर लावली. यादी तिथेच होती. ज्या स्क्रीनवर उघडली होती, त्याच्याच जागेवर, गॅरेजचं नाव ठळक अक्षरात, एकेक ओळ नीट. ती न दिसणाऱ्या बाजूला सबंध दुपार उघडी होती. त्यांनी ती छापली, गिऱ्हाइकाला दिली, "सॉरी फॉर द डिले" म्हणाले आणि स्वतः माल बांधून दिला.

नोकरी सोडायची महिन्याची नोटीस त्यांनी इमानाने भरली आणि रीडिंग नावाच्या गावातल्या एका कंपनीत लागले. तिथे म्हणे प्रत्येक टेबलावर दोन स्क्रीन. बायको म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, स्क्रीनसाठी गेले ते?" मी म्हणालो, नाहीतर काय? माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती आजही कायम आहे. त्या माणसाने सौदाच केला नाही. ओरडायचं होतं, रुसायचं होतं, काही मागायचं होतं. मी आधी नाही म्हणालो असतो, मग निम्म्यावर आलो असतो, मग सगळंच दिलं असतं. माणसं अशीच तर टिकतात.

सहा महिन्यांनी मी न सांगता रीडिंगला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा आकडा आधी बोललो. पगार तुम्ही म्हणाल तो, दुकानात भागी, स्क्रीन दोन काय, चार घ्या. साडूभाऊ हसले. "शेठ, असं एकदम शेवटचं बोलू नका, तुम्हाला शोभत नाही." ताईने पोहे केले, साडूभाऊंनी आग्रहाने दुसरी बशी पुढे केली. त्यांनी माझ्या नातेवाइकांची, नोकरांची, त्या गॅरेजवाल्याचीही चौकशी केली. मग गाडीपर्यंत सोडायला आले, खिडकीतून वाकून म्हणाले, "दुकान छान चाललंय ना? मग झालं." आणि मी हायवेला लागेपर्यंत हात हलवत उभे राहिले असावेत, निदान आरशात दिसेपर्यंत तरी होते.

घरी आलो. बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, नाही म्हणाले. "आणि तुम्ही काय म्हणालात?" मी तिला सगळं सांगितलं, पगार, भागी, सगळं. ती बराच वेळ वाट बघत राहिली, अजून काहीतरी सांगायचं राहिलं असेल म्हणून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तास-दीड तासाच्या बोलण्यात 'माझं चुकलं' एवढं एकच मी म्हणालो नव्हतो. आणि मला आता वाटतं, त्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे केली, ती मला त्यासाठीच थोडा वेळ मिळावा म्हणून असावी.