अडगळीच्या खोलीतली अक्का

सरकारी कागदोपत्री माझी थोरली बहीण सतरा दिवस अडगळ होती.

ही करणी माझी. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पत्रलेखन हा माझा हातखंडा, असं निदान माझं तरी मत होतं. (शोभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत वेगळं आहे. ते इथे देत नाही.)

झालं असं, की अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही तिला साक्रीहून आमच्याकडे घेऊन आलो. आमच्या घराला सात पायऱ्या. तिला एकही चढवेना. म्हणून परसात तिच्यासाठी एक खोली बांधली, पुढे पत्र्याची पडवी काढली आणि पडवीत चूल मांडून दिली. नगरपालिकेची परवानगी? आपल्याच परसात, आपल्याच बहिणीसाठी, कसली आलीय परवानगी!

सहा महिने सुखात गेले. मग दारावर नोटीस चिकटली. ‘विनापरवाना निवासी बांधकाम. पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा पाडण्यात येईल.’

तक्रार केली होती शेजारच्या नानांनी. अक्का ठेच्यासाठी मिरच्या भाजायची आणि धूर सरळ नानांच्या खिडकीत जायचा. नाना सकाळी शिंकायला लागले की दुपारीच थांबत.

शोभा म्हणाली, “ऑफिसात जा, काय खरं ते सांगा, काय करायचं ते विचारा.”

“खुलासा ही लिहायची गोष्ट आहे,” मी म्हणालो आणि पेन उघडलं.

‘निवासी’ या शब्दावरच घाव घालायचा, असं मी ठरवलं. कुणी राहतच नसेल तर नोटीस कसली? मी लिहिलं, ‘सदर खोलीत कोणीही वास्तव्य करीत नसून, तेथे केवळ जुनी, मोडकळीस आलेली व घरात निरुपयोगी ठरलेली अडगळ ठेवण्यात आली आहे.’ वाचून मलाच माझा अभिमान वाटला. पोच घेऊन घरी आलो.

सतराव्या दिवशी सकाळी फोन आला. “इंजिनिअर मॅडम अकरा वाजता पाहणीला येताहेत.”

आता अडगळ दाखवायला अडगळ तर हवी! घरात शोधलं. काही नाही. शोभाने दिवाळीआधीच सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलेलं. शेवटी मी नानांच्या दारात गेलो.

“नाना, काही मोडकंतोडकं आहे का?”

“कशाला?”

“पाहणीपुरतं.”

नाना माणूस दिलदार. एक गंजलेला कूलर, तीन पायांची खुर्ची आणि चाक नसलेली सायकल त्यांनी स्वतः उचलून आणून दिली.

अक्काला म्हणालो, “तासभर मारुतीच्या देवळात बसून ये ना!”

“कसाले? मी कोठेच जाणार नही. मना गुडघा दुखस,” अक्का तिच्या साक्रीच्या बोलीत म्हणाली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दोन मिनिटांत घोरायला लागली. अकराला पाच कमी होते! मी खाटेपुढे कूलर लावला, त्यावर खुर्ची ठेवली आणि फटीत सायकल कोंबली.

मॅडम आल्या. वयाने लहान, हातात फाइल. दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “अडगळच दिसतेय.”

तेवढ्यात कूलर घोरला.

“सर, हा चालू आहे?”

“जुना आहे. आपोआप आवाज करतो.”

“वायर तर तुटलेली आहे.”

मी उत्तर जुळवतोय तोवर नाना कुंपणावरून वाकले. “सर, एक मोडका पंखाही सापडलाय! आणू का अडगळीत?”

मॅडमनी फाइल बघितली. “तक्रार तुमचीच ना?”

“तक्रार वेगळी, शेजारपण वेगळं!” नाना म्हणाले आणि शिंकले.

त्या शिंकेने अक्का जागी झाली. कूलरमागून आवाज आला, “कोन शे रे तठे?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग माझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. “जुनी, मोडकळीस आलेली व घरात निरुपयोगी ठरलेली अडगळ...”

खुर्ची बाजूला सरली. वर अक्काचं डोकं आलं.

“मी अडगळ शे का रे, भाऊ?”

वडील गेल्यावर हिने शेतात राबून मला शिकवलं होतं. माझ्या पेनातली शाईसुद्धा तिच्या घामाची म्हणायला हवी, आणि त्याच पेनाने मी हे लिहिलं होतं.

अक्का मॅडमकडे वळली. “बठ, माय. सहा महिना व्हई ग्यात, मी अठेच ऱ्हास. अठे रांधस, अठे झोपस. हाऊ कूलर मातर मना नही.” मग माझ्याकडे बोट. “खरं सांगाले तुनं काय जास रे?”

मॅडमनी टेप काढून मापं घेतली. “सर, तुमच्या प्लॉटवर एवढं बांधकाम बसतं. नकाशा जोडून अर्ज करा, दंड भरा, खोली नियमित होईल. कुंपणापासून अंतर कमी पडतंय, तेवढी पडवी काढून टाका.”

“म्हणजे चूल तिकडून हलणार?” कुंपणावरून नाना.

“हलणार.”

“मग माझी तक्रार संपली!”

मॅडम गेल्यावर अक्काने पिशवी भरायला घेतली. साक्रीची गाडी दोनला होती. मी पिशवी धरून बसलो. दोनची गेली, चारची गेली. शेवटी ती म्हणाली, “कागद आन. मी सांगस, तू लिख.”

‘खोलीत माझी मोठी बहीण राहते. मी खोटं लिहिलं. आता नियमाप्रमाणे जे करायचं ते करा.’ संपलं! “‘सदर’ तरी घालू?” मी विचारलं. तिने नुसतं पाहिलं. घातलं नाही.

नकाशा आणि दंडासह ते पत्र गेलं आणि महिन्याभरात खोली मंजूर झाली. चूल आता आमच्या खिडकीखाली आहे. शिंका मला येतात.

ही बातमी गल्लीभर झाली. हल्ली कुणालाही नोटीस आली की तो माझ्याकडे येतो आणि विचारतो, “सर, अक्का आहेत का?” अक्का खाटेवर बसून मजकूर सांगते, नाना लिहून घेतात. माझ्याकडे झेरॉक्सचं काम आहे. परवा झेरॉक्सही मी कोऱ्या बाजूची काढून आणली!