फोन पाइपाला लावा

"मोटर जळलीय."

"जळलेली नाही."

"अगं, मी आत्ता या कानानं ऐकलं!"

"काय ऐकलंत? आवाज काढून दाखवा बघू."

"आवाजच नाही तर काढू काय, कपाळ? मोटर गप्प आहे म्हणजे मोटर गेली. वर काढावी लागणार."

"मोटर गप्प नाहीये. गप्प तुमचे कान आहेत."

मामीनं एका हातात मोबाइल धरला होता आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर घट्ट दाबला होता, नवराबायकोचं हे प्रेमळ बोलणं पलीकडे जाऊ नये म्हणून. पलीकडे होती होडीवाल्यांची सून. घर अगदी पाण्याच्या काठावर. दारात समुद्र आणि घशाला कोरड, कारण सगळी भिस्त मागच्या विहिरीवरच्या पंपावर. सकाळपासून नळाला उचकी लागली होती. एक पिचकारी, मग बंद. पुन्हा एक पिचकारी, मग बंद. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांचं सगळं करायचं, आणि पिंपात जेमतेम दोन तांबे पाणी.

मामीनं तळवा काढला. आवाज एकदम साखरेत घोळला. "ताई, परत एकदा फोन पाइपाला लावता का? टाकीजवळ. हं, तिथंच."

तिनं डोळे मिटले. मी चहाचा कप खाली ठेवतानासुद्धा जपून ठेवला.

हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. सुट्टीत मामाकडे आले की दिवसातून चार वेळा स्वयंपाकघरातून यायचं: "फोन पाइपाला लावा." तेव्हा फोन भिंतीवरचा, गुंडाळीच्या वायरचा. पंप बंद पडला की लोक घाबरून फोन करायचे, आणि मामा त्यांना काही विचारण्याआधी फोन पाइपाला लावायला सांगायचे. ज्याची वायर पोचत नसे तो बिचारा म्हणायचा, "अहो, विहीर शंभर पावलांवर आहे!" मामा म्हणायचे, "मग विहिरीपाशी जाऊन नीट ऐका आणि मला तोंडानं करून दाखवा." चांगली पोक्त माणसं मग फोनवर घुर्र घुर्र करायची. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर इतका हुबेहूब बिघडलेला पंप केला होता, की मामा म्हणाले, "सर, पाणी येईल आता तुमच्याच तोंडातून."

मामा जागेवर गेले की लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढायचे. टोक पाइपावर, लाकडी मूठ कानाला. एक हात वर केला की सगळ्यांनी गप्प व्हायचं. एकदा त्यांनी कोंबडीलासुद्धा "श्श!" केलं, आणि ती झाली गप्प. मग विहिरीवर तीन पायांचं तिकाटणं उभं करून, साखळीची कप्पी लावून पाइप वर ओढायचे. ओल्या दोराचा आणि गंजाचा तो वास आजही आला की मी आठ वर्षांची होते. दुरुस्ती झाली की पहिलं पाणी लाल यायचं, मग गढूळ, मग नितळ. नितळ पाण्याची पहिली ओंजळ मामा स्वतः चाखायचे, दुसरी घरच्या बाईला द्यायचे. आणि मग त्याच घरातून आपल्या घरी फोन. बोलणं एका शब्दाचं.

"आलं."

मामी फोन ठेवायची आणि चहाचं आधण चढवायची. चाळीस वर्षं.

पण मामा कामावर असताना फोन यायचे ते मामीलाच. ती ऐकायची आणि कॅलेंडरच्या पाठीवर आवाज लिहून ठेवायची. माणसाचं नाव नाही, पत्ता नाही, नुसता आवाज. 'पुलापलीकडची आजी – घुर्र लांबलचक, पाणी नाही.' 'कुंभार – खरड खरड.' 'मोठं कुत्रं असलेलं घर – टक, टक, टक, भराभर.' मामा आले की जेवता जेवता ती वाचून दाखवायची, वाचून म्हणजे तोंडानं करून. तिच्या गळ्यात अख्खी विहीर होती. खरड खरड म्हटलं की आपल्यालाच दातात खडा आल्यासारखं व्हायचं. मामा घास थांबवून सांगायचे, "बेअरिंग." किंवा, "खालची झडप." पुढेपुढे ते घास थांबवायचेच नाहीत, कारण आवाज काढून झाला की मामीच म्हणायची, "झडप ना?" ते नुसती मान हलवायचे.

गेल्या दोन वर्षांत मामांचे कान गेले. सगळे नाही. घुर्र ऐकू येतं, टक ऐकू येत नाही. जाडा आवाज पोचतो, बारीक वाटेतच विरतो. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. मामांनी ते वॉशरच्या डब्यात ठेवून दिलं. विचारलं तर म्हणाले, "त्यात सगळंच ऐकू येतं गं. भांडी, कावळे, तुझी मामी."

आणि मग त्या मुंग्या.

मागच्याच आठवड्यात शिंपीणबाईंचा पंप बंद पडला. मामांनी मूठ कानाला लावली, घुर्र नाही, म्हणाले मोटर गेली. नव्वद फूट पाइप वर ओढला. सकाळचे ओढायला लागले, तर दुपार टळली. मोटर वर आली ती ठणठणीत, नवऱ्या मुलासारखी. बिघाड होता वर, भिंतीवरच्या स्विचमध्ये: मुंग्यांनी आत घर केलं होतं, पत्र्याच्या दोन जिभांमध्ये चिरडून बसल्या होत्या. स्विच बारीक कुरकुरत होता. शेजारच्या पोरींना ऐकू आलं. मामांना नाही. शिंपीणबाई काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायला दिलं, तेही शेजारून आणून. ते मामांना जास्त लागलं.

फोनमधून आता मलाही ऐकू येत होतं. टक. टक. टक.

मामीनं डोळे उघडले. "ताई, पंपाचं बटण बंद करून ठेवा. घाबरू नका, माणूस निघालाच म्हणून समजा." फोन ठेवला आणि मामांकडे वळली. "पाणी दाबून धरणारी टाकीतली हवा गेलीय. पंप सुरू होतो, लगेच बंद होतो. मोठं कुत्रं असलेल्या घरी झालं होतं तसं."

"तू इथं ओट्याशी उभं राहून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. चाळीस वर्षं विहिरीवर कोण जातंय?"

"तुम्ही. आणि चाळीस वर्षं ऐकतंय कोण?"

मामा पिशवीत स्क्रूड्रायव्हर कोंबू लागले.

"आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. अहो, इथं आडातही आहे, पोहऱ्यातही आहे, फक्त कानात नाही. आणखी एकाची चांगली मोटर वर ओढलीत ना, तर लोक तुम्हाला काही बोलणार नाहीत. बोलवायचेच बंद होतील. आणि तिकडे तो म्हातारा माणूस संध्याकाळपर्यंत कोरडा पडेल." तिनं फडका ओट्यावर आपटला. "यंत्र घाला, नाहीतर माझं ऐका. दोन्ही जमत नसेल तर फाटकावरची 'पंप दुरुस्ती'ची पाटी मी स्वतः उतरवते."

मामांनी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. भांडणात हरले की त्यांचं हेच. पाठ फिरवायची.

मामी खरकटा कप घासत बसली. घासून झालेला कप पुन्हा घासत होती.

अंगणात खडाडकन आवाज झाला. मी खिडकीतून पाहिलं. मामांनी गाडीतून साखळीची कप्पी काढून खाली टाकली होती. मग तिकाटण्याचा एक पाय. मग दुसरा, तिसरा.

ते परत आत आले, दारामागच्या खिळ्यावरचा सायकलचा हवा भरायचा पंप काढला. जायला वळले. उंबऱ्यात थांबले. आमच्याकडे पाठ करूनच बोलले.

"हवा भरताना टाकीवर बोटानं वाजवून बघावं लागतं. पाणी कुठवर आहे, पोकळ कुठून लागतंय, ते." घसा खाकरला. "तो आवाज बारीक असतो."

मामीचा हात नळाखाली थांबला.

"आता तू..." मामांनी तो हवेचा पंप या हातातून त्या हातात घेतला. "इतकी वर्षं नुसतं 'आलं' ऐकलंस फोनवर. येतं कसं ते एकदा... येतेस का?"

मामीनं नळ बंद केला. हात पुसले. मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि वर बोटानं एक टिचकी मारली, म्हणजे आता हा तुझा. फळीवरचा वॉशरचा डबा, आतल्या यंत्रासकट, उतरवून काखोटीला मारला. चपला अडकवल्या, आणि मामांच्या अंगावरून सरळ गाडीकडे चालू लागली.