न्यायला गेलेली रिकामी गाडी

आमच्या घरात कूलंट हा शब्द मीठ-मिरचीइतका रोजचा होता. नवरा वाळूजला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होता. लोखंड कापताना तापू नये म्हणून मशीन त्याच्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडत राहतं, ते कूलंट. त्याचा वास कपड्यांना, केसांना, अगदी डब्याच्या पिशवीलासुद्धा यायचा. थोडा तेलकट, थोडा आंबूस. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यानं मळमळायचं. नवऱ्यानं आंघोळ केल्याशिवाय मी त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. पुढं सवय झाली. आबा, म्हणजे माझे सासरे, रिटायर होईपर्यंत तशाच एका कारखान्यात लेथवर होते. त्यामुळं तो वास त्या घरात माझ्या आधीपासून नांदत होता, तक्रार करायला मीच नवी होते.

त्या वर्षी दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. नवरा पहिल्या पाळीहून आला, जेवला, जरा पडतो म्हणाला. चहाला उठवायला गेले तर उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. हे मी असं एका दमात लिहिते, कारण ते घडलंही तसंच.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. मी रडले नाही. बायका येऊन गळ्यात पडायच्या आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. एक जण दुसरीला हळूच म्हणाली, हिला धक्का बसलाय, हिला रडवा. त्यासाठी दोघी-तिघींनी बरेच कष्ट घेतले, नवऱ्याचे फोटो पुढ्यात आणून ठेवले, पण मला काही साधलं नाही. हातपाय चालत होते, भाकरी फुगत होती. दाताच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

आमच्यात अशी पद्धत आहे की तेरावं झालं की माहेरची माणसं दुखवटा करतात आणि लेकीला थोडे दिवस घरी घेऊन जातात. जो न्यायला येतो तो मुराळी. भाऊ असला तर भाऊच येतो. नवरा गेल्यावर पहिल्यांदा माहेरी जाताना बाई मुराळ्याशिवाय जात नाही. एकटी पिशवी घेऊन निघाली तर गल्ली एकच अर्थ काढते, की सासरनं घालवून दिली. माझं माहेर वेरूळ. पडेगावात आमचं घर दौलताबाद रस्त्यालाच, कन्नडची एसटी दारावरून जाते. बसलं की तासाभरात आईच्या अंगणात. रोज ती बस दिसायची, पाटी वाचता यायची, आणि मी दारातून भांड्यांचं पाणी रस्त्यावर फेकून आत यायची. मला आईजवळ जायचं होतं. तेवढी एकच गोष्ट तेव्हा मला हवी होती, बाकी काही हवंनको उरलंच नव्हतं.

भाऊ तेराव्याला आला होता. साडी ठेवली, सगळ्यांना जेवू घातलं, पण 'घेऊन जातो' असा शब्द काही त्यानं काढला नाही. आबाही बोलले नाहीत. दोघांनी मिठाची गुळणी धरलेली. तो आपला एकटाच परत गेला.

सासूबाई आधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. घरात उरलो सासरा आणि सून, दोन खोल्या आणि टीव्ही. टीव्ही बंद करायचं कुणी मनावर घेत नव्हतं, कारण तो बंद केला की घरात किती शांत आहे ते कळायचं.

एका सकाळी मी मेथी निवडत होते. बातम्यांच्या खालच्या पट्टीत आलं, अंतराळयानातून कूलंटची गळती. आम्ही दोघांनी एकदम मान वर केली. काळ्याकुट्ट पडद्यावर यानाची मागची बाजू दिसत होती आणि तिच्यातून पांढरे कण फवारल्यासारखे उडत होते. थांबतच नव्हते. ते रशियाचं यान होतं, वरच्या अंतराळस्थानकाला जोडून उभं. त्यातून तीन माणसं वर गेली होती आणि त्यातूनच खाली यायची होती. बाहेरच्या नळीला भोक पडलं होतं, बहुतेक कणाएवढ्या दगडानं. दोघं जण बाहेर जाऊन काम करायला पोशाख घालून तयार होते, त्यांना आतच थांबवलं. कूलंट सगळं वाहून गेलं. आता त्या यानात बसून निघाले तर वाटेत आत उकडून निघतील, असं निवेदिका सांगत होती. थोडक्यात, गाडी दारात उभी, पण तिच्यात बसायची सोय नाही.

आबा म्हणाले, आपल्या कूलंटवाणीच दिसतंय की. मी सांगितलं, ते तिथं गोठतं म्हणून पांढरं दिसतं. हं, म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, आता ही माणसं घरी कशी येणार. मी म्हटलं, बघतायत.

त्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी एकच प्रश्न, त्यांचं काय झालं. मुलाबद्दल ते चकार शब्द काढत नसत, मीही काढत नसे. त्या तिघांबद्दल मात्र आम्ही बोलू शकत होतो. चहाला आधण येईपर्यंत मी मोबाईलवर शोधून ठेवायची. स्थानक आपल्या डोक्यावरून जातं तेव्हा मुंबई जितकी लांब, साधारण तितकंच वर असतं. सुटल्यावर खाली यायला एक दुपार पुरते. आणि प्रत्येकाची बैठक ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापानं ओतलेली असते, दुसऱ्याला ती चालत नाही. तिघांपैकी एकाची बैठक उचलून तिथंच लागलेल्या दुसऱ्या यानात नेऊन ठेवली, म्हणजे वेळ आलीच तर तो तरी त्यातून सुटेल. हे ऐकून आबांनी अंगणाकडं पाहिलं. तिथं नवऱ्याची प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसू नये म्हणून मी बादली पालथी घालून ठेवत होते.

संक्रांत आली. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला माझ्या दारावरून गेल्या, जाताना आवाज बारीक करून. भावाला फोन केला. लेण्यांच्या रस्त्यावर त्याचं छोटं हॉटेल आहे, वडापाव-चहाचं. गर्दी आहे, म्हणाला, शिवरात्रीनंतर बघू. आणि विचारलं, आबा काय म्हणतात. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, बरं. मी त्या 'बरं'चा अर्थ लावला. दोन पोरं, लहान घर, त्यात जन्माची विधवा बहीण कशाला हवी कुणाला. राग यायला पाहिजे होता, तोही धड येईना.

बिडकीनहून नणंद आली, ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, लोक बोलायला लागलेत, सासरा-सून दोघंच राहतात म्हणून. तुझं तू बघ. तिचंही चुकलं नव्हतं. मी बघितलं आणि मला दिसलं ते असं, की भावाला मी नको आहे आणि आबांना भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं आहे. इतक्या कोरडेपणानं मी हा हिशेब केला, की आज मलाच त्याची लाज वाटते.

शिवरात्र झाली, तरी भाऊ आला नाही. त्याच सुमारास बातम्यांत दाखवलं की त्या तिघांसाठी दुसरं यान पाठवलंय. आत कुणीच नाही. तीन जागा मोकळ्या ठेवून ते आपलं आपण वर निघालेलं. दोन दिवसांनी ते स्थानकाला जाऊन लागलं, ते दाखवत असताना मी चहा घेऊन गेले. आबांनी आवाज वाढवला होता.

"रिकामीच गेली व्हय?" त्यांनी विचारलं.

हो, म्हटलं, चालवायलाही कुणी नाही. त्यांनी कप हातात घेतला तो घेतलाच, चहावर साय धरली. मग टीव्हीकडं बघतच म्हणाले, "तुझा भाऊ कामून येईना?"

मी सांगितलं, मला नाही माहीत, तुम्ही काय म्हणता ते विचारत होता. त्यावर ते म्हणाले, मी काय निरोप धाडणार, लोक म्हणतील, पोरगा गेला आणि म्हाताऱ्यानं सून काढून दिली. मला वाटलं संपलं, मी कप न्यायला वाकले.

"अन् खरं सांगू का," ते म्हणाले, "न्यायला तुझा भाऊ हाय. आणायला कोण हाय? आणायला तो जायचा. तू गेल्यावर तुला परत आणायला कोण जाईल, ह्याच्यापायी मी गप व्हतो."

खरंच, दर खेपेला माहेराहून मला आणायला नवरा यायचा. मोटारसायकल वहिनीच्या तुळशीला खेटून लावायचा आणि दर वेळी बोलणी खायचा. हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. मी इतके दिवस भाकऱ्यांचा हिशेब करत बसले होते, आणि हा माणूस मी परत येईन की नाही या घोरात होता.

आबांनी कपानंच टीव्हीकडं दाखवलं. "माणूस नसला तरी गाडी गेलीच की. कापडं भर."

दुसऱ्या दिवशी ते पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून माझ्यासोबत एसटीत बसले. सासरा सुनेचा मुराळी झाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. भाऊ घरापुढच्या हॉटेलात कढईपाशी होता. आबांच्या हातात माझी पिशवी बघून त्याचा चेहरा उतरला, मला कायमची सोडायला आलेत असंच त्याला वाटलं. पुसलेलेच हात तो पुन्हा पुन्हा पुसत राहिला. आबा आत गेले नाहीत. शेजारच्या दुकानांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "चार दिवस ठिवून घ्या. पाडव्याच्या आधी मी न्यायला येतो."

मग भाऊ बोलता झाला. तो म्हणाला, मी तुमच्या निरोपाची वाट बघत होतो मामा, सासरचा शब्द आल्याशिवाय बहीण कशी उचलून न्यायची, उद्या लोक म्हणतील हिला तिकडून तोडली. आबा म्हणाले, तूच यायला पाहिजे होतं. तो म्हणाला, तुम्हीच सांगायला पाहिजे होतं. मानपानापायी दोन्ही घरं गप्प बसली होती आणि मधल्यामध्ये मी दारातून एसट्या बघत होते. मला त्या दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. पण आईनं माझं मनगट धरलं आणि आत ओढून नेलं.

आईनं डोक्याला तेल लावलं. मी जेवले, झोपले, उठून पुन्हा झोपले. वहिनी मी समजत होते त्यापेक्षा पुष्कळ चांगली निघाली. तरी तिथंही मला रडू आलं नाही. भाऊ एकदा हळूच म्हणाला, आता इथंच राहा, तिकडं आहेच कोण. आबा येतो म्हणाले खरे, पण लोकांदेखत माणूस बोलून जातो. पाडवा जवळ आला, तशी मी दुपारच्या बसची चाहूल घेऊ लागले. मोबाईलवर वाचलं की यान पोचलं तरी त्या तिघांना तूर्त तिथंच ठेवणार आहेत, त्यांची जागा घेणारी माणसं यायला उशीर आहे. ते पुढं पार गणपतीत उतरले. मी मनाशी म्हटलं, घे, न्यायला आलेली गाडीसुद्धा लगेच नेत नाही.

पाडव्याच्या दोन दिवस आधी भर दुपारी आबा स्टॅंडवरून चालत आले. ओट्यावर बसून पाणी प्यायले, चहा प्यायले, म्हणाले, चला. माझी ओटी भरता येत नव्हती. आई हातात तांदूळ घेऊन दारात तशीच उभी राहिली, मग तिनं ते कागदात बांधून माझ्या पिशवीत घातले.

कन्नडकडून आलेली एसटी भरून आली होती. पाटीवर अजून औरंगाबादच होतं. मी काही म्हणायच्या आत सत्तरीचे आबा बससोबत पळाले आणि खांद्यावरचा रुमाल त्यांनी खिडकीतून आत एका बाकावर टाकला. आम्ही आत शिरलो तेव्हा तिथं अर्ध्या जागेवर एक जण टेकला होता. आजोबा, एकाचीच जागा धरली ना, असं त्यानं विचारलं.

"दोघांची हाय," आबा म्हणाले. "सून हाय माझी. घरी घेऊन चाललोय."

तो उठला. आबांनी मला खिडकीपाशी बसवलं. बूड टेकायच्या आधी मी रुमाल उचलून मांडीवर घेतला. नवऱ्याचा होता, मशीनवर हात पुसायचा तो. मी किती वेळा धुतला असेल, वास गेलाच नव्हता.

खुलताबाद मागं पडलं आणि मला रडू फुटलं. घाट उतरून दौलताबाद येईपर्यंत मी त्या रुमालात तोंड घालून रडत होते, आवाज करून, बस बघत असताना. आबांनी मला गप्प केलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. बायकांना अर्धं तिकीट नुकतंच लागू झालं होतं, म्हाताऱ्यांना होतंच. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन हाफ," ते म्हणाले. "पडेगाव."