आरशाचा आणि बिनआरशाचा

बायकोची एकच अट होती: या वेळी तरी तिचा चेहरा दिसेल असा फोटो यायला हवा. आमच्या अल्बमात मागचे डोंगर झकास येतात आणि पुढे एक काळी सावली उभी असते. दोष कॅमेऱ्याचा, असं जाहीर करून मी तिला नवा कॅमेरा घ्यायला घेऊन गेलो.

दुकानदाराने नवशिक्यांसाठीचे दोन कॅमेरे पुढे ठेवले. आधी मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, डोळ्याला लावला, तर सगळा अंधार.

"हा बिघडलाय हो."

"काका, आधी चालू तर करा!"

चालू केल्यावर आतल्या चिमुकल्या पडद्यावर दाराच्या उजेडाकडे पाठ करून उभी असलेली बायको दिसली, पण काळीकुट्ट. दुकानदाराने एक चकती फिरवली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळला. काढण्याआधीच फोटो दिसत होता!

मग डीएसएलआर. याच्या पोटात आरसा असतो, तो समोरचा खराखुरा उजेड डोळ्यापर्यंत पोचवतो. त्यातून ती पहिल्यापासूनच स्वच्छ दिसली. बटण दाबलं, तर फोटोत पुन्हा सावली.

मी चक्रावलो. इतकी वर्षं मला ती नीट दिसत होती, म्हणून कॅमेऱ्यालाही तशीच दिसत असणार, असं मी धरून चाललो होतो. असं आणखी कुठे कुठे धरून चाललो असेन, कोण जाणे.

"मग घ्यायचा कुठला?" तिने विचारलं.

आरशाचा कॅमेरा मी पुन्हा डोळ्याला लावला. "यातून तू फार छान दिसतेस गं."

"मग तो दुसरा घ्या," ती म्हणाली. "अहो, नुसतं बघायला कॅमेरा कशाला लागतो?"