पाळणा परत गेला

आमचे हे जुनं फर्निचर घेतात आणि विकतात. वस्तू कुणी वापरली ते विचारायचं नाही, विचारलं की विकणारा भाव चढवतो, हा यांचा नियम. लेकीनं मानववंशशास्त्र शिकायचं म्हटल्यापासून यांचा पाय एका जागी ठरेना. "त्या पदवीला गिऱ्हाईक कोण?" हाच एक धोशा. शेवटी, धंदा तरी शीक म्हणून तिला गल्ल्यावर बसवलं. पहिल्याच दिवशी एक बाई पाळणा विकायला आली. लेकीनं विचारलं, "यात कोण कोण झोपलं?" बाई सांगत बसली, डोळे पुसले आणि पाळणा परत घेऊन गेली.

हे तणतणत घरी आले. उभ्यानंच म्हणाले, "फी भरून टाकतो. ही दुकानात बसली तर त्याहून महाग पडेल."