अ‍ॅग्नेसबायच्या घराची किल्ली

नजीब परकार घर विकायचा ते लेकीचं लग्न ठरवल्यासारखं. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी जाऊन तो एसी लावायचा, बंद नळांतलं तांबूस पाणी वाहून जाऊ द्यायचा आणि पडदे असे सारायचा, की समुद्र दिसावा पण समोरच्यांची वाळत घातलेली धुणी दिसू नयेत. मग अत्तर लावून दारात उभा. "या पाहुणे, आत या." बहारीनमध्ये बावीस वर्षं दुसऱ्यांना घरं दाखवणारा हा दापोलीचा माणूस स्वतः बुसैतीनमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. बायको रुकय्या म्हणायची, "लोकांचे नळ वाहते ठेवता, आमचा गळका तेवढा बंद करा!"

त्याची दुसरी खोड म्हणजे किल्ल्या. ऑफिसच्या बोर्डावर तो त्या कधी टांगायचा नाही. "घर आहे, खाटकाच्या आकड्यावरचं मटण नव्हे," म्हणत लाल दोरा बांधून खिशात ठेवायचा.

अ‍ॅग्नेस डिमेलोची किल्लीही जानेवारीपासून अशीच त्याच्या खिशात होती. अ‍ॅग्नेसबाय वसईची. एकतीस वर्षं इथल्या इस्पितळात नर्स. समुद्रकाठच्या अमवाजला सातव्या मजल्यावर नवराबायकोने घर घेतलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच घरात पीटर गेला. आता ती मेअखेर कायमची वसईला निघाली होती. तिची अट एकच होती.

"पीटरच्या खोलीत कोणी परका फिरलेला मला चालायचा नाही. ज्याला घर दाखवायचं त्याला तूच आणायचं."

"बाय, घर माझ्याच हातून जाईल," नजीब छातीवर हात ठेवून म्हणाला. तिने न वाचता सही केली. त्यानेही फॉर्म वाचला नाही. शेकडो लोकांच्या सह्या घेतलेला कागद कोण वाचतो?

एप्रिलमध्ये ऑफिसचा मॅनेजर चिराग याने फर्मान काढलं, की प्रत्येक एजंटने घरात गिरकी घेत व्हिडिओ काढायचा. चोपन्न वर्षांच्या नजीबने एका स्वयंपाकघरात गिरकी घेतली, ओट्यावर कोपर आपटून घेतलं आणि संध्याकाळी राजीनामा दिला. रिफा भागातल्या, घरंच विकणाऱ्या दुसऱ्या एका ऑफिसने त्याला लगेच उचललं.

शेवटच्या दिवशी चिरागने हात पुढे केला. "नजीबभाई, अमवाजची किल्ली."

"ती बायने मला दिलीय."

चिरागने कागद त्याच्यासमोर सरकवला. वर ठळक नाव कंपनीचं होतं. नजीबचं नाव पार तळाशी, बारीक अक्षरात: प्रतिनिधी. "प्रतिनिधी बदलतो, घर इथेच राहतं. जूनअखेरपर्यंत."

"मग तिला करारातून मोकळं करा."

"कंपनीच्या मालकांना विचारलं मी. मफी. नाही म्हणजे नाही."

नव्या ऑफिसातल्या वॉरनने युक्ती सुचवली: बाईला तिकडे 'विकायचंच नाही' म्हणायला लावा आणि गुपचूप इथे सही घ्या. नजीबने ऐकून घेतलं. आयुष्यभर खरं बोललेल्या बाईला जाता जाता खोटं शिकवायचं त्याच्याने झालं नाही.

तो अमवाजला गेला तेव्हा अ‍ॅग्नेसबाय बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने सगळं ऐकलं.

"म्हणजे मी घर दिलं कोणाला?"

"कंपनीला."

"मी तर तुला दिलं होतं रे."

"मलाही तसंच वाटत होतं, बाय."

ती पुन्हा बश्या गुंडाळायला लागली. चहा विचारला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

घर जुन्या ऑफिसातल्या सॅब्रिनाकडे गेलं. ती नोकरीत नवी, वसईच्याच माणसांची पोर, मराठी समजायचं पण बोलायची इंग्रजीत. किल्ली देताना नजीबने तिला घर दाखवलं: कुठला नळ, कुठला पडदा. पीटरच्या दारापाशी तो थांबला. "इथे आधी तू शिरायचं नाहीस. बायसाठी बाजूला व्हायचं."

"ओके, अंकल. व्हिडिओ?"

"समुद्राचा काढ. या खोलीचा नको."

दोन दिवसांनी वेबसाइटवर त्याच घराच्या फोटोखाली नजीबऐवजी सॅब्रिनाचा चेहरा हसत होता. रुकय्याने फोन हातातून काढून घेईपर्यंत तो बघत बसला.

मे महिन्याच्या मध्यावर त्याच्याकडे फहाद आणि नुसरत आले. फहाद हा अस्कर गावाकडच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि नुसरतला समुद्र हवा होता. घर दुसऱ्या ऑफिसचं असलं तरी गिऱ्हाईक आणायला नजीबला आडकाठी नव्हती. त्याने सॅब्रिनाला फोन करून रीतसर वेळ मागितली.

सवयीने तो अर्धा तास आधी पोहोचला आणि खाली लॉबीत बसून राहिला. ती दोघं आल्यावर वर गेला. हात खिशात गेला, रिकामाच बाहेर आला. मग त्याने बेल दाबली. या घराची बेल कशी वाजते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

दार सॅब्रिनाने उघडलं. एसी लावलेला, पडदा नेमका अर्धा, आत कुठे तरी नळ वाहत होता. "या पाहुने," ती अडखळत म्हणाली.

अ‍ॅग्नेसबाय तिच्यामागे उभी होती. तिने नजीबकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या जोडप्याकडे.

"आणलंस शेवटी तूच," ती म्हणाली.

पीटरच्या दारापाशी सॅब्रिना बाजूला झाली. नजीबही थांबला. अ‍ॅग्नेसबायने त्या दोघांकडे एकदा बघितलं, पदराला हात पुसावेत तसे ड्रेसला पुसले आणि दार स्वतः उघडलं.

"या," ती नुसरतला म्हणाली. "सकाळचं ऊन इथे आधी येतं. त्याला आवडायचं."