खलाशीमामांचे प्रश्न

खलाशीमामा कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी उत्तर दिशा सांगत. कोणी विचारलेलं नसे. उंबऱ्यात क्षणभर थांबत, मान किंचित वळवत आणि म्हणत, "उत्तर हिकडं." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा एवढ्यावर थांबले नाहीत. "मास्तर, तुमचा दरवाजा पूर्वेले नाही जी. आग्नेयेकडं सरकला हाये." घर बांधताना गवंड्याने छातीठोकपणे पूर्व सांगितली होती आणि मीही ती सगळ्यांना सांगत आलो होतो. मी फोनमधलं होकायंत्र उघडून पाहिलं. मामा बरोबर होते. बायको हसली, आणि त्या दिवसापासून आल्यागेल्याला हीच गोष्ट सांगू लागली. मला मात्र हसू आलं नाही. मामांवरचा माझा राग तेव्हा महिनाभर जुना होता.

मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. चिखल्याच्या मँगनीज खाणीत मोजणीसाहेबांच्या हाताखाली फीत आणि काठी धरणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. त्या कामावरून निवृत्त होऊन ते खाणीची वसाहत सोडून आंधळगावला, आपल्या गावी, परत आले. जमिनीखाली ना सूर्य, ना झाड, ना देवळाचा कळस. तिथे दिशा चुकून चालत नाही. "साहेब दुर्बिणीतून पाहे, मी काठी धरून उभा राहो," ते सांगत. "काठी हालली का बोगदा चुकला. मंग नाव साहेबाचं, पन शिवी काठीले." निवृत्तीनंतरही ते कुठे उभे राहिले की काठीसारखे सरळ उभे राहत. त्यांच्याशेजारी उभं राहिलं की मला आपला बाक जाणवे.

मी आंधळगावच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या भागात आभासी जिओकॅशचा खेळ आधी मी आणला, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मूळ खेळात नकाशावरून लपवलेला डबा शोधायचा असतो; या आभासी प्रकारात कुठे डबा नसतो. फोनवरच्या नकाशात एक ठिकाण दिलेलं असतं, आणि त्यासोबत असा प्रश्न, की ज्याचं उत्तर तिथे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही. माणूस जातो, पाहतो, उत्तर पाठवतो. ज्याने ती जागा मांडली तो उत्तर तपासतो आणि हो म्हणतो. आंबागडावर मी आठ जागा मांडल्या. एम.ए.चा प्रबंधच मी या भागातल्या जुन्या बांधकामांवर लिहिला होता, त्यामुळे प्रश्नांना तोटा नव्हता. एका पडक्या जिन्याच्या पायऱ्या किती, असा एक प्रश्न होता. उत्तर बावीस.

महिनाभरात एक अनोळखी गृहस्थ शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "जय भीम, मास्तर. तुमचं उत्तर एकानं कमी हाये."

"बावीसच आहेत. मी प्रबंधात लिहिल्या आहेत," मी म्हणालो.

"लिवल्या असान. खालची पायरी मातीत दबून हाये. मी पाला काढून पाहिली. तेवीस."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गडावर गेलो. पायरी होती. मी उत्तर बदललं, पण ते कोणामुळे बदललं हे कुठेच लिहिलं नाही. त्यानंतर हे गृहस्थ, म्हणजे खलाशीमामा, वरचेवर घरी येऊ लागले आणि माझ्याकडूनच त्यांनी जागा मांडायला शिकून घेतलं. मी शिकवलं, कारण नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

त्यांची पहिली जागा पवनीच्या मातीच्या तटावर होती. प्रश्न असा: तट चढायला किती पावलं लागली, उतरायला किती, आणि फरक का पडला? मी समजावलं, "मामा, अशानं प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. उत्तर एकच पाहिजे."

"ज्याची टांग लांब, त्याचं उत्तर अलग," ते शांतपणे म्हणाले. "पन चढला का नाही चढला, ते मले कळते." आणि खरोखरच त्यांना कळे. घरी बसून आकडा ठोकून देणाऱ्याला ते नम्रपणे पुन्हा एकदा जाऊन यायला सांगत. लोक जातही.

मला खरी लागली ती विहीर. तुमसरच्या बाजूला एका खेड्याबाहेर जुनी दगडी विहीर आहे. मी ती प्रबंधात एका ओळीत उरकली होती. मामांनी विचारलं: काठाच्या दगडात दोराने पडलेल्या खाचा किती? सगळ्यात खोल खाचेत बोट घालून पाहा, कुठवर जातं? आणि बाया कोणत्या बाजूने पाणी काढत होत्या? नागपूरच्या एका मुलीने लिहिलं, बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, मी तिथूनच आजीला फोन लावला आणि तू दिवसाला किती घागरी काढत होतीस ते विचारलं. कोणी लिहिलं, आम्ही तासभर हललो नाही. माझ्या आंबागडाच्या पानावर लोक लिहीत: "बघितलं. धन्यवाद."

रोज सकाळी मी आधी मामांच्या विहिरीवर काय आलं ते पाही, मग माझ्या गडावर. बायकोच्या ते लक्षात आलं. "तुमी कायले जळून राहिले त्या मानसावर?" ती म्हणाली. "तुमीच त शिकवलं ना त्यायले."

"म्हणूनच," मी म्हणालो.

एका दुपारी, सहावीचे पेपर तपासता तपासता, मी ते बाजूला सारले आणि खेळ चालवणाऱ्यांकडे त्या विहिरीबद्दल इंग्रजीत तक्रार लिहिली. काठ बुटका आहे, कठडा नाही, वाकून बोट घालायला लावणं जिवाला धोक्याचं आहे. प्रत्येक शब्द खरा होता, म्हणून लिहिताना काही वाटलं नाही. चार दिवसांत मामांची विहीर बंद झाली.

पाचव्या दिवशी मामा फोन घेऊन माझ्या पडवीत. "जागा बंद केली म्हनते, मास्तर. चिट्ठी लिवून द्या मले."

मी विचारलं, "काय लिहू?"

"लिवा का धोका खरा हाये. आज सकाळी जाऊन काठ मोजून आलो, गुडघ्याच्या खाली हाये. मले खाणीची सवय, म्हनून ध्यानात नाही आलं. आता मानूस चार पावलं मागं, त्या पडलेल्या खांबापाशी उभा राहीन. तिथून खाचा मोजता येते. बोट घालाचं काढून टाका." मग म्हणाले, "आन् ज्यानं धोका दाखवला, त्याचे आभार लिवा."

"आभार कायले, मामा?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"खाणीत कोनी म्हनलं का वरचा दगड सैल हाये, त त्याले शिव्या देत नाही जी आपन."

मी ते पत्र लिहिलं. स्वतःच्या तक्रारीला स्वतःच उत्तर दिलं, स्वतःचेच आभार मानले. चांगलं लिहिलं. वाईट लिहिण्याचा विचार आला होता, पण मामा शेजारी बसून माझ्या हाताकडे पाहत होते. आठवड्यात विहीर पुन्हा उघडली आणि लोक पहिल्यापेक्षा जास्त येऊ लागले. माझं त्या माणसापुढे काही चालत नव्हतं. खोडीसुद्धा नाही.

पुढे मामांचे गुडघे गेले. भिलाईला राहणारी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या पडवीत बसून आपल्या सगळ्या जागा माझ्या नावावर केल्या. "चालनं होत नाही आता. चालल्याबिगर दुसऱ्याचं उत्तर तपासाचं नाही. तुमी तपासा." गाडीत बसताना त्यांनी मान किंचित वळवली. ओठ हलले, पण या वेळी उत्तर कुठं ते काही बोलले नाहीत.

आता त्या जागांचा मालक मी होतो, आणि मालकाला जे दिसतं ते सगळं मला दिसू लागलं. विहिरीच्या पानावर जुना पत्रव्यवहार होता. तक्रार होती. तक्रारीखाली माझं पूर्ण नाव होतं. म्हणजे मामा फोन घेऊन पडवीत आले तेव्हा ते त्यांच्या हातातच होतं.

दोन दिवस मी त्यांचा नंबर काढून फोन परत ठेवत राहिलो. तिसऱ्या दिवशी भिलाईला फोन लावला.

"मामा, तक्रार कोणी केली ते तुमाले माहीत होतं?"

"इंग्रजी नाही येत मले, मास्तर. पन नाव त वाचता येते."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो त तुमी चिट्ठी लिवली नसती," ते म्हणाले. "मले चिट्ठी पाहिजे होती." आणि विचारलं, "धान लागले का तिकडं?"

माफी मागायची राहून गेली. त्यांनी ती जागाच ठेवली नाही. त्या दिवशी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका विहिरीवरूनही वाटला नव्हता. माझ्याकडून असं गप्प राहणं आठ दिवसही झालं नसतं.

भिलाईत त्यांना बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना फोनवर आलेली उत्तरं वाचून दाखवतो. कोण कुठून आलं, किती पावलं चढलं, काय दिसलं. ते मध्येच थांबवतात, "हा नाही गेला. विचारा त्याले." मी विचारतो. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांच्या एकाही जागेवर कोणी गेलं नव्हतं. माझ्या गडावर मात्र एक नवराबायको गेले होते आणि पायऱ्यांविषयी त्यांनी चांगल्या सात ओळी लिहिल्या होत्या. संध्याकाळ होईपर्यंत जिन्यावर बसलो, असं काहीसं. ते मामांना वाचून दाखवावं की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग वाचलं.

"परत वाचा," मामा म्हणाले.

मी परत वाचलं. सावकाश, एकेक शब्द. माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं, आणि पलीकडे त्यांना ते कळत नसेल असं मानायला मला जागा नाही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हे गेले होते," आणि मुलीला हाक मारून म्हणाले, "माह्या मास्तरचं आलं हाये. इकडं ये, आयक." मग मला म्हणाले, "वाचा जी. अजून एक डाव."